गुळवेल, आमच्या आई आणि एसजीपीटी

डॉक्टरांनी विचारलं, "आजी, बाकी काही औषधं चालू आहेत का?" आणि आमच्या आई (म्हणजे माझ्या सासूबाई, मी त्यांना आईच म्हणते) अगदी कोर्टात सांगितल्यासारखं म्हणाल्या, "नाही हो, थायरॉईडची एक गोळी सकाळी, बस."

मी शेजारच्या खुर्चीत बसून मान डोलावली. खरंच मला तेव्हा काही खोटं वाटलं नाही.

ही गोष्ट नोव्हेंबर २०२० ची. दिवाळी नुकतीच झाली होती, तोंडाला मास्क, खुर्च्यांमध्ये एक खुर्ची सोडून फुल्या मारलेल्या, आणि डॉक्टरांच्या हातात आईंचा रिपोर्ट. एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला त्रास आहे का ते सांगणारी रक्ततपासणी, चारशे बारा. साधारण चाळीस-पन्नासच्या आत असायला हवा तो आकडा. पंधरा दिवस आई म्हणत होत्या की दम नाही अंगात, जेवण नको वाटतं, अंगाला खाज सुटते, आणि आम्ही घरातले सगळे शहाणे त्यांना सांगत होतो की आई तुम्ही घरात बसून बसून कंटाळलात. मग एक दिवस लघवी गडद पिवळी व्हायला लागली तेव्हा धावलो.

डॉक्टरांनी रिपोर्ट खाली ठेवला आणि परत विचारलं, "काढाबिढा?"

"काढा तर काय हो, तो सगळेच घेतात."

"किती दिवस?"

आईंनी माझ्याकडे बघितलं. मी मनात मोजायला लागले. एप्रिल, मे, जून... सात महिने. रोज सकाळी एक ग्लास गुळवेलीचा काढा, त्यावर पुतण्याने कुरिअरने पाठवलेल्या घनवटीच्या (काढा आटवून केलेल्या) दोन गोळ्या, आणि सप्टेंबरपासून कोणीतरी सांगितलं म्हणून बाटलीतला गुळवेल ज्यूस, तो रात्री. ह्यातलं काहीच त्यांच्या लेखी औषध नव्हतं. आणि खरं सांगायचं तर माझ्याही लेखी नव्हतं, कारण काढा करून देणारी मीच होते.

आता जरा मागे जाते, कारण गुळवेल मला २०२० मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर भेटलेली नाही. माझं माहेर चिपळूणजवळचं, आणि आमच्या कुंपणातल्या पांगाऱ्यावर गुळवेल होती. माझी आजी म्हणायची, निंबावरची सगळ्यात चांगली, पण आपल्याकडे निंब कुठनं आणायचा, पांगाऱ्यावरची चालवून घ्या. पानं हृदयाच्या आकाराची, विड्याच्या पानाची लांबची बहीण असावी तशी, उन्हाळ्यात ती सगळी गळून जायची आणि नुसती राखाडी दोरखंडं लोंबत राहायची, त्यातून बारीक सुतळीसारखी मुळं खाली सोडलेली. मग कधीतरी मटारच्या दाण्याएवढी लालभडक फळं. आम्हाला ती भातुकलीत टोमॅटो म्हणून चालायची.

घरात कोणाला ताप आला की आजी कोयता घेऊन कुंपणाकडे जायची. अंगठ्याएवढी जाड कांडी बघायची, फार कोवळी नको, फार जून नको, आणि चार बोटं मापून तेवढीच तोडायची. वरचं कागदासारखं साल बोटांनी चोळलं की सुटून यायचं आणि खाली हिरवागार गर दिसायचा. तो पाट्यावर ठेचायचा. ठेचताना एक बुळबुळीत चिकट रस सुटतो, हाताला लागला की साबणासारखा वाटतो, आणि चुकून ते बोट तोंडात गेलं तर संपलंच, पुढचा अर्धा तास सगळं जग कडू. ठेचा रात्रभर पाण्यात, सकाळी सुंठेचा तुकडा आणि थोडे धणे टाकून चुलीवर, चार वाट्यांची एक वाटी होईपर्यंत. काढ्यात गूळ घालायची नाही ती. काढा घशाखाली गेला की मग जिभेवर गुळाचा खडा. मी एकदा विचारलं होतं की आधीच गूळ का नाही घालत, तर म्हणाली, कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडूच, उगाच गूळ कशाला वाया घालवायचा.

आणि हे तीन दिवस. चौथ्या दिवशी काढा नाही. चौथ्या दिवशी ताप असेल तर दाजी सायकलवर बसवून दवाखान्यात न्यायचे, आणि ताप नसेल तर काढ्याचं भांडं घासून फळीवर. पावसाळ्याच्या सुरुवातीला कधी सगळ्यांनाच एक आठवडा द्यायची, पण तेही मोजून. मला हा हिशोब लहानपणी फक्त सुटकेचा वाटायचा, त्यात काही शास्त्र असेल असं डोक्यातही आलं नाही.

उरलेली कांडी ती पडवीतल्या खुंटीला अडकवून ठेवायची. फेकायची नाही. आणि ती मरायची नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. माती नाही, पाणी नाही, महिनाभराने बघावं तर त्या तोडलेल्या कांडीला एक पोपटी पान फुटलेलं आणि खाली दोऱ्यासारखं मूळ जमीन शोधत लोंबतंय. पुढे कॉलेजात असताना एका वैद्य मैत्रिणीने सांगितलं की संस्कृतात गुळवेलीचं एक नावच छिन्नरुहा आहे, तोडली तरी उगवणारी. दुसरं नाव चक्रलक्षणिका, कारण कांडी आडवी कापली की आत चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते. तिसरं वत्सादनी, वासरं खातात म्हणून (आमची वासरं खायची नाहीत, पण शेजारची शेळी खायची). आणि अमृता तर सगळ्यांना माहितीच आहे. भावप्रकाश ह्या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात त्याची गोष्ट आहे, रावणाला मारल्यावर इंद्राने मेलेल्या वानरांवर अमृत शिंपडलं, वानर उठले, आणि त्यांच्या अंगावरून अमृताचे थेंब जिथे जिथे जमिनीवर सांडले तिथे तिथे गुळवेल उगवली. मला ही गोष्ट फार आवडते. आपल्याकडे अमृतवेल म्हणतात ते ह्यावरूनच.

तर असं माझं आणि गुळवेलीचं जुनं. म्हणून २०२० मध्ये जेव्हा सगळ्या ग्रुपवर गुळवेल गुळवेल सुरू झालं तेव्हा मला बरंच वाटलं, आमचंच कोणीतरी टीव्हीवर आल्यासारखं. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या मागे एक कडुनिंब आहे आणि त्यावर चांगली जुनी गुळवेल होती. होती म्हणतेय, कारण मे महिन्याच्या शेवटापर्यंत लोकांनी ती बुडापासून ओरबाडून नेली. दूधवाला येत नव्हता त्या दिवसात पण गुळवेल तोडायला लोक पीपीई घालून आले असते.

गंमत म्हणजे सरकारी काढ्यात गुळवेल नव्हतीच. आयुष मंत्रालयाने ३१ मार्च २०२० ला जे सांगितलं होतं त्या काढ्यात तुळस, दालचिनी, सुंठ आणि काळी मिरी, बरोबर मनुका, गूळ किंवा लिंबू. गुळवेल लोकांनी आपापली त्यात ढकलली. नंतर ऑक्टोबरमध्ये जो प्रोटोकॉल आला त्यात गुळवेलीची घनवटी होती, ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पंधरा दिवस किंवा एक महिना. परत वाचा. पंधरा दिवस किंवा एक महिना. आजीचे तीन दिवस असोत की मंत्रालयाचा महिना, मुदत दोन्हीकडे होती. ती आमच्या किचनमध्ये पोचेपर्यंत कुठेतरी गळून पडली, कारण फॉरवर्डमध्ये फक्त "रोज सकाळी उपाशीपोटी" एवढंच असायचं, आणि कधीपर्यंत हे कोणी विचारलं नाही, कोरोना कधी जाणार हेच कोणाला माहीत नव्हतं तर काढा कधी थांबवायचा हे कोण सांगणार.

डॉक्टरांनी सगळं बंद करायला सांगितलं. काढा, गोळ्या, ज्यूस, सगळं. हिपॅटायटिसच्या टेस्ट केल्या, निगेटिव्ह. सोनोग्राफी नॉर्मल. दर पंधरा दिवसांनी रक्त. चारशे बाराचे दोनशे ऐंशी, मग एकशे तीस, आणि संक्रांतीच्या सुमारास पंचेचाळीस. गुळवेलीमुळेच झालं का, असं मी डॉक्टरांना थेट विचारलं तर ते म्हणाले की तसं शंभर टक्के कोणी सांगू शकणार नाही, तुमच्या काढ्यात दालचिनी होती, मिरी होती, गोळीत नक्की काय होतं ते कंपनीलाच माहीत, पण थांबवल्यावर उतरलं हे दिसतंय ना. मला ते प्रामाणिक वाटलं. आईंना मात्र तो आजीच्या वेलीचा अपमान वाटला (आजी माझी, पण अपमान त्यांना) आणि पुढचं वर्षभर त्या डॉक्टरांचा विषय निघाला की त्या "तो मुलगा" म्हणायच्या. पन्नाशीचे आहेत ते.

मग जुलै २०२१ मध्ये बातमी आली. मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी सहा पेशंटचा पेपर छापला होता, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मधले, सगळे गुळवेल घेणारे आणि सगळ्यांना लिव्हरला सूज. तारखा बघून माझ्या अंगावर काटा आला. त्यांचं म्हणणं असं की गुळवेल शरीराची प्रतिकारशक्ती चाळवते, आणि ज्यांच्या शरीरात ऑटोइम्यून प्रकार आधीच दबा धरून बसलाय, म्हणजे आपल्याच पेशी आपल्याच अवयवावर हल्ला करतात तो प्रकार, त्यांच्यात ती ठिणगी पेटू शकते. थायरॉईडचा आजार बायकांमध्ये बऱ्याचदा ह्याच जातीचा असतो. आईंचा कुठला होता ते तोपर्यंत कोणी तपासलंच नव्हतं. नंतर तपासलं. अँटीबॉडीज होत्या, म्हणजे तो ऑटोइम्यूनच.

आयुष मंत्रालयाने लगेच उत्तर दिलं की पेशंटने नक्की कुठली वनस्पती खाल्ली हे लेखकांनी तपासलेलं नाही, गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी, टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची वेल असू शकते, आणि गुळवेल लिव्हरला उलट चांगली असते. दोन्हीकडचे लोक सोशल मीडियावर एकमेकांच्या अंगावर. २०२२ मध्ये मग देशभरातल्या तेरा सेंटरमधल्या त्रेचाळीस पेशंटचा मोठा पेपर आला, त्यातही तेच चित्र, ऑटोइम्यूनसारखा हिपॅटायटिस. पण एवढं लक्षात घ्या की देशात लाखो लोक गुळवेल पीत होते आणि हे त्रेचाळीस. म्हणजे सगळ्यांना होतं असं नाही, हे मी मुद्दाम लिहितेय कारण आमच्या नात्यातल्या एका काकांनी हा किस्सा ऐकून बाल्कनीतली गुळवेल उपटून टाकली आणि दुसऱ्या दिवशी पिवळ्या गोळ्यांच्या मल्टीव्हिटॅमिनची मोठी बाटली आणली. ती पण रोज. ती पण कधीपर्यंत माहीत नाही.

आणि मंत्रालय म्हणतं ते लिव्हरचं तरी सगळं चूक आहे का, तर नाही, आणि इथेच मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते. त्याच मुंबईत, परळच्या केईएममध्ये, डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीवर वर्षानुवर्षं काम केलं. हो, त्याच डहाणूकर, मराठीत लिहिणाऱ्या. पित्तनलिका बंद होऊन कावीळ झालेल्या पेशंटची ऑपरेशनं तेव्हा फार धोक्याची असायची, लिव्हर कमकुवत, प्रतिकारशक्ती खालावलेली, ऑपरेशननंतर रक्तात जंतू पसरून माणूस जायचा. त्यांनी तीस पेशंट घेतले, काहींना नेहमीचे उपचार आणि काहींना त्याबरोबर गुळवेल, आणि १९९३ मध्ये छापलं की गुळवेलवाल्या गटात जंतुसंसर्ग कमी झाला आणि जगण्याचं प्रमाण बरंच वाढलं. तीस म्हणजे लहान अभ्यास, मान्य. पण बघा ना, तेच शहर, तीच वेल, तेच लिव्हर, एकदा तारणारी आणि एकदा अडचणीत आणणारी. फरक काय? तिकडे वॉर्डात मोजून डोस, ठरावीक दिवस, रोज तपासणारे डॉक्टर. इकडे मी, स्टीलचं पातेलं आणि "आज जरा जास्तच उकळला का गं".

बीएआरसीमध्येसुद्धा (भाभा अणुसंशोधन केंद्रात) गुळवेलीवर काम झालंय. तिच्या खोडातली एक गुंतागुंतीची साखर, अरॅबिनोगॅलॅक्टन नावाची, त्यांनी वेगळी काढली आणि ती प्रतिकारशक्तीच्या पेशींना जागं करते असं दाखवलं. नागपूरच्या डॉक्टरांनी शिंका आणि वाहणाऱ्या नाकाच्या अ‍ॅलर्जीवर पंच्याहत्तर पेशंटवर आठ आठवडे अभ्यास केला, २००५ मध्ये छापला, त्यात फायदा दिसला. म्हणजे "हे सगळं थोतांड" म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. वेलीत दम आहे. म्हणूनच तर ती जपून वापरायची. ज्याच्यात काहीच नाही त्याने काय होणार, ना फायदा ना तोटा.

वर म्हटलेल्या वैद्य मैत्रिणीला मी तेव्हा फोन केला होता, खरं म्हणजे भांडायलाच. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू आईंना कशासाठी देत होतीस?" म्हटलं, इम्युनिटीसाठी. "इम्युनिटी हा आजार आहे का?" मी गप्प. मग ती बोलत सुटली. चरकात गुळवेल मेध्य रसायनात आहे, म्हणजे बुद्धी-स्मरणशक्तीसाठी, ब्राह्मीची बहीण मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, शंखपुष्पी ह्यांच्या पंक्तीत. आणि तापात, वातरक्तात (गाऊटसारखं सांध्यांचं दुखणं), पित्तात वेगवेगळी द्यायची पद्धत आहे. एक जुना श्लोक तिने म्हणून दाखवला, त्याचा अर्थ असा की गुळवेल तुपाबरोबर वाताला, गुळाबरोबर मलावरोधाला, साखरेबरोबर पित्ताला, मधाबरोबर कफाला, एरंडेलाबरोबर वातरक्ताला आणि सुंठेबरोबर आमवाताला. "सहा माणसं, सहा अनुपानं," ती म्हणाली, "आणि तुम्ही अख्ख्या बिल्डिंगला एकच पातेलं." रसायन घ्यायच्या आधी पोट साफ, भूक नीट, वय, ऋतू, हे सगळं बघतात म्हणे. थायरॉईड आहे, डायबेटिस आहे, गोळ्या चालू आहेत, हे वैद्याला सांगायचं की नाही? सांगायचं. आम्ही वैद्याकडे गेलोच कुठे होतो.

डायबेटिसवरून आठवलं. गुळवेल साखर उतरवते असं म्हणतात आणि त्यात तथ्य आहे, म्हणून ज्यांच्या डायबेटिसच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी वर गुळवेल सुरू केली तर साखर जास्तच खाली जाऊ शकते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात. लिव्हरचा जुना त्रास, ऑटोइम्यून आजार (संधिवाताचा तो प्रकार, सोरायसिस, ल्यूपस वगैरे), किडनी बदललेली आणि प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या चालू, गरोदर बाई, ह्या सगळ्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नये. हे मी डॉक्टर म्हणून नाही सांगत, पातेलंवाली म्हणून सांगतेय.

आता ती दिसायला सारखी असणाऱ्या वेलींची भानगड. २०२१ च्या पावसाळ्यात स्टेशनजवळ रानभाज्या घेऊन बसणारी एक मावशी परत यायला लागली, शहापूरकडची. टाकळा, शेवळं, कुर्डू, आणि त्या वर्षी टोपलीच्या कडेला गुळवेलीच्या कांड्यांची मोळी. शहापूर भागात कातकरी तरुणांनी संस्था करून गुळवेल गोळा करायचं काम मोठं केलंय, सरकारच्या वनधन योजनेतून त्यांना मोठमोठ्या औषध कंपन्यांच्या दीड कोटीच्या आसपासच्या ऑर्डरी मिळाल्याची बातमी त्याच वर्षी आली होती. म्हणजे ह्या लोकांना ही वेल आपल्यापेक्षा शंभरपट कळते. मी मावशीला माझ्या मोबाईलवरचा एक फोटो दाखवला. आमच्या शेजाऱ्यांनी एका नर्सरीतून गुळवेल म्हणून आणून गेटवर चढवलेली वेल होती ती, आणि मला तिच्याबद्दल शंका होती.

मावशीने फोटो मोठा करायला लावला. "ही नाय ताई. हिला मस आलेत बघा."

मस म्हणजे चामखिळी. खरंच, त्या वेलीच्या खोडावर कारल्यासारखे बारीक उंचवटे होते सगळीकडे. मग तिने मोळीतली एक कांडी ओढली, नखाने खरवडली, कागदासारखा पापुद्रा सुटला आणि खाली हिरवं. "हे बघा. साल कशी उडते, मग आत हिरवी. आनि कापली का चाक दिसतं." कोयतीने एक टोक तिरपं न कापता सरळ कापलं आणि माझ्यापुढे धरलं. चाक. आऱ्यांसकट. संस्कृतातलं चक्रलक्षणिका हिला कोणी शिकवलं नव्हतं. मसवाली ती क्रिस्पा, जिच्यावर मंत्रालय सगळा दोष ढकलत होतं ती. आणखी एक असते, तिच्या पानाला खालून लव असते, ती मोठी आणि जाडसर. पण पावडर झाली की चाकही नाही, मसही नाही, सालही नाही, सगळं एकच मातकट रंगाचं. म्हणून पावडर घ्यायची असेल तर भरवशाच्या ठिकाणची घ्या, बॅच नंबर आणि लायसन्स नंबर असलेली, ऑनलाइन स्वस्तात किलोभर मिळते ती नको.

गुळवेल सत्त्वाचंही तसंच. ते मी एकदा घरी करून बघितलंय, हौस म्हणून. दोन किलो ओल्या कांड्या, सोलून, तुकडे करून, ठेचून, मोठ्या पातेल्यात रात्रभर पाण्यात. सकाळी हाताने कुस्करून कुस्करून चोथा काढून टाकायचा, पाणी फडक्यातून गाळायचं आणि हलवायचं नाही अजिबात. काही तासांनी तळाला पांढरा साका बसतो, वरचं पाणी अलगद ओतून टाकायचं, परत पाणी, परत निवळ, आणि मग साका ताटात पसरून सावलीत वाळवायचा. दोन दिवसांच्या ह्या सगळ्या उस्तवारीनंतर माझ्या हातात किती आलं, तर एका छोट्या वाटीच्या तळाला जेमतेम. बोटांना मात्र चार दिवस कडवटपणा, पोळ्या लाटल्या तर पोळ्या कडू (नवरा म्हणाला, आज मेथी घातलीस का). तेव्हापासून दुकानात पांढऱ्याशुभ्र सत्त्वाची शंभर ग्रॅमची पुडी स्वस्तात दिसली की मला पिठूळ पिठूळ संशय येतो. त्यात आरारूट किंवा दुसरा स्टार्च मिसळणं काही अवघड नाही.

मावशीकडून घेतलेल्या कांड्यांपैकी एक मी बाल्कनीत कुंडीत खोचली. काही केलं नाही, नुसती खोचली. आठव्या-दहाव्या दिवशी पान. आता तिने ग्रिल पूर्ण व्यापलंय, वाळत घातलेल्या टॉवेलालाही विळखा घालते. पाणी आईच घालतात. पित नाहीत, पण घालतात. उन्हाळ्यात पानं गळली की मला विचारतात, मेली का गं, आणि मी म्हणते, ही मरायची नाही.

परवा तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आल्या होत्या, नातवाला ताप येऊन गेलाय आणि घरात सगळ्यांनाच कणकण आहे म्हणून एक कांडी द्या म्हणाल्या. मी कात्री शोधत होते तोवर आई बाहेर येऊन सोफ्यावर त्यांच्या समोर बसल्या.

"कोणाला द्यायचीय?"

"आम्हाला सगळ्यांनाच, थोडी थोडी."

"तुला थायरॉईड आहे ना गं?"

"आहे, पण कंट्रोलमध्ये आहे."

"अँटीबॉडी बघितल्यात?"

काकू माझ्याकडे बघायला लागल्या. मी कात्री हातात धरून उभी. आईंनी पुढे, शुगर किती, भावजींची गोळी सकाळची की दोन्ही वेळची, लिव्हरची टेस्ट शेवटची कधी, नातू किती वर्षांचा, तो तर नकोच त्याला डॉक्टरकडेच ने, आणि किती दिवस घेणार, हे सगळं विचारून घेतलं. शेवटी चार बोटं मापून एक कांडी मला तोडायला लावली, ती फक्त भावजींसाठी, आणि काकूंच्या हातात देताना म्हणाल्या, "तीन दिवस. चौथ्या दिवशी भांडं घासून ठेव. आणि अंगाला खाज आली तर त्या डॉक्टरांकडे जा, चांगले आहेत."

काकू दारात चपला घालता घालता मला हळूच म्हणाल्या, "अगं, मी कांडी मागायला आले होते का पासपोर्ट काढायला?"